धीराचा मुलगा: कोविडनंतर घरात राहून गेलेल्या आजाराचं एक प्रकरण

फाइलमध्ये अकरा ईसीजी होते. शिवाय तीन टू-डी इको, एक स्ट्रेस टेस्ट, ट्रोपोनिनचे (हृदयाला इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचे) चार रिपोर्ट आणि छातीचा एक सीटी स्कॅन. सगळं तारखेवार लावलेलं, प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाची पट्टी. रुग्णाचं वय २३, व्यसन नाही, वजन बेताचं, रक्तदाब उत्तम. शेवटच्या कागदावर फिजिशियनने दोन ओळी लिहिल्या होत्या: हृदय ठीक आहे, पुन्हा ईसीजी काढू नये, समुपदेशनासाठी पाठवत आहे. "काही कमी पडलं तर सांगा मॅडम, घरी झेरॉक्स आहेत," असं म्हणून रुग्णाने फाइल माझ्या पुढ्यात सरकवली.

ही ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. कुटुंब नाशिकच्या सिडकोतलं. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही. घरात आई, आजी, धाकटी बहीण सगळ्या त्याला दादा म्हणतात, तर इथेही दादाच म्हणू.

तक्रार

रात्री दोन-अडीचच्या सुमारास दचकून जाग येते. छातीत धडधड सुरू होते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, घशाला कोरड पडते आणि 'आता आपण जाणार' अशी खात्रीच होते. मग दादा आईला न उठवता बाइक ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचा, तिथे किक मारायचा आणि एकटाच कॅज्युअल्टीत जायचा. ईसीजी निघायचा, नॉर्मल यायचा, ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळायचं आणि उजाडायच्या आत स्वारी घरी परत. आईला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. "हार्टचं निघालं असतं तर तिला सांगणारच होतो," असं तो म्हणाला.

मला त्या अकरा ईसीजींपेक्षा ही ढकलत नेलेली बाइक जास्त महत्त्वाची वाटली. आपण मरतोय अशी खात्री झालेला माणूस आईची झोपमोड होऊ नये याची काळजी घेत असेल, तर त्याच्या आजाराचं मूळ छातीत नसणार.

फोनचं प्रकरण मात्र त्याने सांगितलं नाही, ते बहिणीकडून कळलं. दादा अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर मेंटेनन्सला होता. रात्री मशीन बंद पडलं की सुपरवायझरचा फोन यायचा. दादाने आधी रिंगटोन बंद करून फोन व्हायब्रेटवर ठेवला, मग उशीखाली, मग स्वयंपाकघरातल्या फडताळात. अनोळखी नंबर तो दिवसाढवळ्याही उचलत नसे. शेअर रिक्षात शेजारच्याच्या खिशात त्याची जुनी रिंगटोन वाजली, तर मधेच उतरून पुढचं अंतर पायी जायचा. हाच फोन कायम पूर्ण चार्ज असायचा आणि तो कधी बंद करायचा नाही. वाजूही नये आणि बंदही पडू नये, असा हा दुहेरी पेच. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं गेलं नाही. घरी त्याने सांगितलं की कंपनीनेच माणसं कमी केली.

'काळजी घेणारा' माणूस

पहिल्याच भेटीत बोलता बोलता त्याचा हात पँटच्या खिशात गेला, ऑक्सिमीटर निघाला आणि बोटावर चढला. माझ्याकडे बघून बोलणं चालूच. ९८ आकडा दिसला, यंत्र खिशात गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. त्याला आपण हे करतो आहोत याचं भानही नव्हतं. यंत्राच्या कडेचा निळा रंग अंगठ्याच्या जागी झिजून पांढरा पडला होता.

घरी आणखी दोन ऑक्सिमीटर होते. हप्त्यावर घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, तो दर रविवारी अर्धा तास सुरू करून बघितला जायचा. बाइकची टाकी कधी निम्म्याखाली गेली नाही. डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत चौघांची आधार कार्डं, मेडिक्लेमची कागदपत्रं आणि एक शंभर पानी वही असायची. या वहीकडे पुढे येऊ.

गल्लीत या सगळ्याचं कौतुक होतं. कुणाच्या घरी रात्री दुखलं-खुपलं की दादाला हाक. "बाप गेल्यावर पोराने घर कसं सांभाळलं बघा, धीराचा मुलगा आहे," हे वाक्य आईसमोर, आजीसमोर आणि त्याच्यासमोर इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की त्याला दुसरं काही होण्याची मुभाच उरली नव्हती. मला या वाक्याचा राग आहे, आणि तो या एका मुलापुरता नाही. दुसऱ्या लाटेनंतर अशी धीराची मुलं, धीराच्या सुना, धीराचे धाकटे भाऊ घरोघरी तयार झाले. ज्याने धावपळ केली त्याला दुःख झालं असेल, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आजारी माणसाला बघायला लोक येतात. काळजीवाहू माणसाकडे कामं घेऊन येतात.

एप्रिल २०२१

नाशिकमध्ये मार्चपासूनच रुग्ण झपाट्याने वाढत होते. त्या महिन्याच्या अखेरीस गर्दीच्या बाजारपेठांत शिरायला माणशी ५ रुपयांची पावती आणि तासाभराची मुदत, असा उपायही पोलिसांनी करून पाहिला होता. तासापेक्षा जास्त रेंगाळलं तर ५०० रुपये दंड. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. दादाचे वडील ५१ वर्षांचे, अंबडलाच फिटर. "पाडवा होऊ दे. लसीने ताप आला तर सणाचा विचका नको," म्हणाले. पाडवा १३ तारखेला होता. १२ च्या रात्री त्यांना कणकण आली.

१५ ला एचआरसीटी (फुप्फुसांचा सीटी स्कॅन) झाला, स्कोअर २५ पैकी १३. त्या दिवसांत पेशंटच्या नावाआधी 'स्कोअर किती' असं विचारायची पद्धत पडली होती. १६ च्या संध्याकाळी एका खासगी हॉस्पिटलमध्ये बेड मिळाला. तोवर आई आणि आजीही पॉझिटिव्ह. दोन खोल्यांच्या घरात विलगीकरण कसलं करणार? १४ वर्षांची बहीण पोटमाळ्यावर झोपायची, दादा बाहेरच्या ओट्यावर. तो तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याची स्वतःची चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे धावायला तो एकटाच उरला.

वही त्या दिवसांतली. उभ्या रेघा मारून रकाने केलेले: आई, आजी, छोटी. दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन. चौथा रकाना बाबांचा, हॉस्पिटलमधून संध्याकाळच्या फोनवर जे कळेल ते लिहायला. हॉस्पिटलला आपण फोन लावला की आधी लसीकरणाची कॉलर ट्यून पुरती ऐकायची, मग रिंग, मग एंगेज. त्यामुळे तिकडून येणाऱ्या फोनची वाट बघणं हेच काम. तो फोन कधी लँडलाइनवरून यायचा, कधी कुठल्याशा मोबाइलवरून. नंबर दर वेळी वेगळा. चौथ्या रकान्यात दादाने खरे आकडे लिहिले: ९०, ८८, ८६. घरात मात्र सांगितलं, "बाबा बरे आहेत. वरण-भात खाल्ला."

२१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण दगावले. दादाचे वडील तिथे नव्हते, शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. पण त्या दुपारनंतर ऑक्सिजनवरच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाचं नाशिकमध्ये काय झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. ती रात्र दादाने हॉस्पिटलच्या मागच्या गेटपाशी उभं राहून काढली, सिलिंडरची गाडी येते की नाही बघत. पुढचे दोन दिवस रेमडेसिव्हिरच्या रांगेत गेले. सहापैकी चार व्हायल मिळाल्या.

२५ तारखेच्या रात्री तो ओट्यावर आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला. फोन उशाशी होता. पहाटे पाच वाजता जाग आली तेव्हा स्क्रीनवर चार मिस्ड कॉल होते, पहिला १ वाजून ४२ मिनिटांचा. वडील २ वाजून ५० मिनिटांनी गेले होते.

अमरधाममध्ये तो एकटाच होता, चेहरा पाहायला मिळाला नाही. दहाव्याला आई-आजीचं विलगीकरण नुकतंच संपलेलं, अंगात उभं राहायची ताकद नाही. चुलतभावाला घेऊन रामकुंडावर विधी उरकला. कावळा शिवेना. गुरुजींना पुढची कामं होती, त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आजीने दारातच विचारलं, "शिवला का रे?" दादा म्हणाला, "लगेच."

कोविडमृत्यूसाठी शासनाकडून मिळालेले ५० हजार रुपये त्यानेच ऑनलाइन अर्ज करून मिळवले, आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि मृत्यूचा दाखला अपलोड करून. आईने त्या पैशांना आजवर हात लावलेला नाही.

निदान करताना

अशा प्रकरणात घाईने 'पॅनिक' म्हणून मोकळं होता येतं. झटक्यांची लक्षणं तंतोतंत तीच होती. पण आधी शरीराची बाजू नीट पाहिली. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक, बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. कोविड होऊन गेलेल्यांमध्ये धडधड आणि दम रेंगाळतो हे खरं आहे, पण दादाचा त्रास २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला होता, वडिलांना वर्ष झालं तेव्हा. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १४, चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी १७. म्हणजे नैराश्य मध्यम, चिंता तीव्र. आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारलं. तसा विचार किंवा बेत नव्हता, पण "बाबांच्या जागी मी गेलो असतो तर घराचं गणित बरं बसलं असतं," असं तो अगदी हिशेब सांगावा तसं म्हणाला. असली वाक्यं थंडपणे येतात तेव्हा ती बाजूला ठेवून चालत नाही. धोका प्रत्येक भेटीत नव्याने तपासायचा, असं तिथेच ठरलं.

मग आघातोत्तर ताण (पीटीएसडी) म्हणायचं का? रात्रीची ठरावीक वेळ, रिंगटोनची धास्ती, वडील होते त्या हॉस्पिटलचा रस्ता टाळणं हे सगळं त्यात बसतं. अमेरिकन वर्गीकरणात जवळच्या माणसाचा मृत्यू झाल्याचं नुसतं कळणं त्यासाठी पुरत नाही, तो मृत्यू हिंसक किंवा अपघाती लागतो. आजाराने आलेला चालत नाही. त्या अटीवर वाद घालण्यात मला रस नाही. माझ्या मते गाभा दुसरा होता: लांबलेला शोक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात हे निदान २०२२ पासून वापरात आहे आणि तिथे शोक निदान सहा महिने टिकलेला असावा लागतो. डीएसएम-५-टीआर या अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी एक वर्ष. महामारीआधीच्या अभ्यासांत जवळचं माणूस गमावलेल्या प्रौढांपैकी साधारण दहातल्या एकाला असा शोक जडतो, असं दिसलं होतं. कोविडच्या मृत्यूंत तो वाढायला हवी ती सगळी कारणं एकत्र आली: अचानकपणा, शेवटची भेट नाही, चेहरा नाही, विधी अर्धवट, आणि 'जर-तर'ला भरपूर जागा.

दादाचे 'जर-तर' एका कागदावर लिहून घेतले. पाडव्याआधी लस घेतली असती तर. एचआरसीटी दोन दिवस आधी केला असता तर. सहाच्या सहा व्हायल मिळाल्या असत्या तर. फोन उचलला असता तर. शेवटचं वाक्य त्याने लिहिलं नाही, मी लिहिलं आणि त्याने मान हलवली.

जगभरची आकडेवारी इथे मोजकीच सांगते. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने २०२० या एका वर्षात नैराश्यविकाराचे (मेजर डिप्रेशनचे) ५ कोटी ३० लाख आणि चिंताविकारांचे ७ कोटी ६० लाख जादा रुग्ण मोजले होते. आपल्याकडची अडचण महामारीच्याही आधीची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या विकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. दादा त्यांच्यातलाच, फक्त तो दवाखान्यात न जाणारा नव्हता. अकरा वेळा गेला होता, हृदय दाखवायला.

आणि ते अकरा नॉर्मल ईसीजीच आजाराला खतपाणी घालत होते. धास्ती वाढली की तपासायचं, आकडा बरा आला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकायचा की तपासलं म्हणून वाचलो. ऑक्सिमीटरचंही तसंच. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं आणि श्वास पुरत नाही असं वाटतं. ऑक्सिजन तेव्हा ९८-९९ च असतो. एकदा मात्र यंत्राने दगा दिला होता. जानेवारीत, निफाडकडून गारठा येतो त्या दिवसांत, पहाटे त्याच्या गार पडलेल्या बोटावर ९१ दाखवलं. गार बोटांत रक्त कमी फिरतं, आकडा चुकतो. त्या पहाटे तो आईलाही उठवून हॉस्पिटलला घेऊन गेला, तिचाही आकडा ९२ आला होता म्हणून.

उपचार

मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे चिंता-नैराश्यावरचं औषध सुरू केलं, आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०. पहिल्या आठवड्यात धडधड थोडी वाढू शकते हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर बाराव्या ईसीजीची तयारी झालीच असती. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर रात्री झटका आला तर कॅज्युअल्टीऐवजी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करायचा, असं ठरलं. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोनला घाबरणाऱ्या मुलाला फोनच करायला सांगणं विचित्र वाटेल, पण आपण लावलेला फोन आणि आपल्याला आलेला फोन यांत त्याच्यासाठी जमीन-अस्मानाचं अंतर होतं. त्याने दोनदा लावला. दुसऱ्या वेळी बोलता बोलताच झोप लागली म्हणे.

ऑक्सिमीटर एकदम काढून घेतला नाही. आधी दिवसातल्या ठरलेल्या वेळाच, मग फक्त रात्री, मग यंत्र बहिणीच्या ताब्यात. शरीराची धडधड आणि धोक्याची धडधड वेगळी असते हे त्याला स्वतः अनुभवायचं होतं, त्यासाठी पांडवलेणी निवडली. घरापासून जवळ, पायऱ्या भरपूर, आणि भर चढावर कुणाचीही छाती धपापतेच. पहिल्या रविवारी चुलतभावाबरोबर गेला आणि अर्ध्यातून खाली आला. "तेच झालं मॅडम, सेम अटॅक." मी म्हटलं, अर्धा जिना चढल्यावर तेच व्हायला हवं. पुढच्या खेपेला वर पोचला, नाडी १५० च्या घरात, हातात यंत्र नाही. लेण्यांच्या कट्ट्यावर बसून दहा मिनिटांत ती आपोआप उतरताना त्याने बोटाने मोजली. या दहा मिनिटांनी जे झालं ते मी महिनाभर समजावून सांगितलं असतं तरी झालं नसतं.

रिंगटोनच्या धास्तीसाठी बहिणीने नवं सिम घेतलं, म्हणजे नंबर अनोळखी दिसेल. दादाच्या फोनवर जुनी रिंगटोन परत लावली आणि बहीण आधी सांगून, मग न सांगता, दिवसा कधीही फोन करायची. उचलल्यावर बोलायचं काहीही: भाजी कुठली आणू, शेजारच्यांची मांजर व्यायली. रात्रीचे फोन सगळ्यात शेवटी घेतले.

रेमडेसिव्हिरच्या दोन न मिळालेल्या व्हायल साडेतीन वर्षं त्याच्या छातीवर होत्या. इथे माहितीचा उपयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत या औषधाने दाखल रुग्णांचे मृत्यू फारसे कमी झाल्याचं दिसलं नव्हतं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेने दाखल रुग्णांसाठी ते वापरू नये अशी शिफारसही केली होती, म्हणजे नाशिकच्या त्या रांगा लागायच्या पाच महिने आधी. हे ऐकून त्याला हायसं वाटेल अशी अपेक्षा असेल, तर तसं झालं नाही. तो भडकला. "मग आम्हाला उन्हात उभं कशाला केलं?" साडेतीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा राग स्वतःवर नव्हता. मी त्याला अडवलं नाही.

फोनचं कोडं डिकीतल्या पिशवीत होतं. मेडिक्लेमसाठी हॉस्पिटलने दिलेल्या केसपेपरची प्रत त्याच्याचकडे होती, त्याने ती कधी वाचली नव्हती. आम्ही ती एकत्र वाचली. १.३५ ला ऑक्सिजन कोसळला. १.४५ च्या नोंदीत 'नातेवाइकांना फोन, उत्तर नाही'. १.५० ला श्वासनलिकेत नळी घातली. २.१५ ला हृदय थांबलं, दाब देणं सुरू. म्हणजे फोन उचलला नाही म्हणून कुणी थांबलं नव्हतं. जिवावर बेतलेलं असताना डॉक्टर सहीसाठी थांबतही नाहीत. दादाने तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा बोटाने वेळा जुळवल्या. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण फोन वाजत होता तेव्हा बाबा होते." याला उत्तर नाही आणि मी दिलंही नाही. ती रात्र डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने सांगायचं काम आम्ही त्यानंतर सुरू केलं. सांगितलेलं रेकॉर्ड करून तो घरी ऐकायचा. लांबलेल्या शोकाच्या उपचारातला हा सगळ्यात जड भाग.

आई

आईला बोलावलं तेव्हा माझा अंदाज होता की ती रडेल आणि मुलाला जवळ घेईल. दादाने तिच्यासमोर वही उघडली, चौथा रकाना दाखवला. वरण-भात खोटा होता, बाबांना मास्कमुळे दोन दिवस धड पाणीही पिता येत नव्हतं, हे सांगितलं. दर्भाच्या कावळ्याचंही सांगितलं.

ती चिडली. "मला वाटत होतं ते बरे होतायत. मी त्यांना एकदा तरी फोन द्यायला लावला असता. तू कोण ठरवणारा मला काय झेपेल ते?" त्यानंतर दोन आठवडे माय-लेकांत बोलणं नव्हतं आणि दादाचे झटके परत वाढले. कुटुंबाला एकत्र बसवलं की सगळं सुटतं, असा एक समज पसरलाय. माझा अनुभव असा की आधी बऱ्याचदा बिघडतं. पण त्या भांडणात एक गोष्ट घडली: आईने त्याला पहिल्यांदा पोर म्हणून झापलं. चार वर्षं ती त्याला घरातला कर्ता म्हणून विचारूनच सगळं करत होती.

कावळ्याबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. आजीला ते अजून सांगितलेलं नाही आणि सांगू नये, यावर घरात एकमत आहे. मलाही ते पटतं.

मधल्या काळात मामांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा आग्रह धरला होता, 'दाजींचा जीव अडकलाय' म्हणून. माझं मत विचारलं तेव्हा गोळ्या बंद करायच्या नाहीत एवढीच अट घातली. तीन दिवसांच्या त्या विधीचा आईला खरोखर आधार वाटला, नवऱ्यासाठी काहीतरी रीतसर झालं म्हणून. दादाला काडीचा नाही. त्याचं कारण श्रद्धेत शोधायला नको: गाडी ठरवणं, राहण्याची सोय, गुरुजींची दक्षिणा, आजीच्या गोळ्या हे तिथेही त्याच्याच गळ्यात होतं.

आजची स्थिती

२०२५ चा वसंत कठीण जाणार हे गृहीत होतं. आपल्याकडे वर्षश्राद्ध तिथीने आणि आठवण तारखेने, त्यामुळे घाव एका दिवसात उरकत नाही. पाडवा ३० मार्चला आला, तिथी हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, आणि २६ एप्रिल त्यानंतर दोन आठवड्यांनी. या महिन्यात रात्रपाळी नको, भेटी दर आठवड्याला, गोळी आहे तेवढीच, असं आधीच ठरवलं. तीन झटके आले. कॅज्युअल्टीत तो एकदाही गेला नाही. एका रात्री बाइक ढकलत बाहेर काढली होती, पण फाटक वाजलं आणि आई उठली. दोघं ओट्यावर बसून राहिले.

पीएचक्यू-९ आता ६ वर, जीएडी-७ आठवर आहे. सातपूरला नवीन नोकरी लागली आहे, दिवसपाळी. कॉन्सन्ट्रेटर विकला. वही ठेवायची की नाही हे ठरलेलं नाही, डिकीतून मात्र ती कपाटात गेली आहे. वडील होते त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने तो अजून जात नाही, लांबचा वळसा घेतो. हे काम बाकी आहे. गोळी कमी करण्याचा विचार पुढचा एप्रिल पार पडल्यावर, असं मनोविकारतज्ज्ञांचं मत आहे.

आईला स्वतःसाठी वेळ घ्या असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा "माझं काय, मी बरी आहे" असं म्हणून तिने विषय आजीच्या गुडघ्यांवर नेला. धाकटी आता अठरा पूर्ण आहे. पोटमाळ्यावर झोपून खालच्या खोलीतला खोकला ऐकलेल्या त्या मुलीला आजवर कुणीच काही विचारलेलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी तिची पहिली भेट आहे. वेळ तिने स्वतः घेतली, दादाला न सांगता.